स्मरण : साठवण आणि आठवण



स्मरणशक्ती म्हणजे धान्याची कणगी. जेवढे आत ओतावे तेवढे हवे तेव्हा बाहेर काढावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. संशोधनाने ती खरी ठरविलेली नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह तो पाठ करी आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजी. तासाभरातच निम्म्याहून अधिक लाभ नाहीसा होई. एका दिवसानंतर सुमारे एक-तृतीयांश आणि महिन्यानंतर सुमारे एक-पंचमांश उरे. विसरण्याचा वेग प्रारंभी फार, पुढे मंद असतो.

साठवणही एकाच प्रकारची नसते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या रुग्णाच्या अपस्मारावर उपाय म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. तथापि आरशात पाहून चांदणी रेखाटण्याचे कौशल्य त्याने सरावाने मिळविले. आदल्या दिवशीचा सराव मात्र त्याला आठवत नसे.

आठवताना तर घटनेची नव्याने जुळणी होते. लॉफ्टस व पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोटार-अपघाताची चित्रफीत दाखविली. गाड्या किती वेगाने 'धडकल्या', असे काहींना सौम्य शब्दात विचारले. काहींना चक्काचूर सुचविणाऱ्या शब्दात. आठवड्यानंतर फुटकी काच पाहिल्याचे पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांनी, तर दुसऱ्यातील ५० पैकी १६ जणांनी सांगितले. चित्रफितीत फुटकी काच नव्हतीच!

म्हणून गावच्या तंट्यात साक्षीदाराला 'काय पाहिले?' एवढेच विचारावे; उत्तर त्याच्या तोंडी घालू नये. चुकणारा साक्षीदार खोटारडाच असतो असे नाही. ग्रामसभेचे इतिवृत्तही शक्यतो त्याच दिवशी लिहावे.

शिक्षकांसाठी रोडिगर व कार्पिकी यांचा २००६ सालचा निष्कर्ष मोलाचा आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा धडा संपताच पाटी-वही पुढे घेऊन मुलांना आठवू द्यावे, आणि काही दिवसांनी पुन्हा विचारावे.

विसरणे हा मनाचा धर्म आहे. विसरणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरविण्यापूर्वी, आपण त्याला आठवण्याची संधी किती वेळा दिली, हे प्रथम स्वतःला विचारू या.