विणेकरी बाबा आणि सुब्बुलक्ष्मी अम्मा
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)

॥ राम कृष्ण हरि ॥



या सोहळ्यात कोणी दिंडीच्या मूळपुरुषांवर बोललं, कोणी पहिल्या पताकेवर, कोणी दुष्काळातल्या वाऱ्यांवर. आमच्या वाट्याला विणेकरी बाबा आले. त्यांचं पाठांतर, त्यांचा करडा स्वभाव, वीणा खाली टेकवू न देण्याचा त्यांचा हट्ट, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते पुन्हा सांगत बसत नाही. आम्ही बाबांच्या एका नादाबद्दल बोलणार आहोत. त्या नादावरून याच दिंडीत दोन तट पडले होते, आणि त्यातली अर्धी मंडळी आत्ता समोर मांडी घालून बसली आहेत. हसू नका, नावं घेत नाही!

बाबांचा नाद म्हणजे एम. एस. सुब्बुलक्ष्मी. नुसतं नाव घेतलं तर पुष्कळांना ओळख पटणार नाही. पण पहाटे कुठल्याही तालुक्याच्या गावी देवळाच्या भोंग्यावर वेंकटेश सुप्रभातम् लागतं ना, तो आवाज त्यांचा. जन्म 16 सप्टेंबर 1916, तमिळ मुलखातल्या मदुरैचा. नावाआधीची दोन अक्षरं म्हणजे गाव आणि आई. ‘एम’ म्हणजे मदुरै आणि ‘एस’ म्हणजे आई षण्मुखवडिवु. बाबांना हे फार आवडायचं. म्हणायचे, “बघा, गाव लावलं, आई लावली. आपणही ज्ञानोबांना माउलीच म्हणतो की.” ही आई स्वतः वीणा वाजवायची. आपली वीणा गळ्यात, तिकडची मांडीवर, एवढा फरक. पण आईच्या वीणेशेजारी वाढलेली पोर, एवढ्यावरच बाबांचं तिच्याशी नातं जुळलं होतं.

हा माणूस तिकडे वळला कसा, असं आम्हाला नेहमी विचारतात. बाबा मुंबईला गिरणीत साचेखात्यात होते. गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचं, पाळी संपली की भजन. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, 1947 साली, ‘मीरा’ हा हिंदी चित्रपट आला. आधी तो तमिळमध्ये, 1945 साली निघाला होता. मीराबाईचं काम सुब्बुलक्ष्मींनी केलेलं आणि गाणीही त्यांचीच. बाबा तेव्हा मिसरूड न फुटलेले. संतांचा शिनेमा म्हणून खोलीवरची मंडळी गेली, तसे हेही गेले. बाकीच्यांनी घरी येऊन गोष्ट सांगितली. बाबांना गोष्ट धड आठवत नव्हती, कारण ते बराच वेळ डोळे मिटून बसले होते.

पुढं खात्यातला एक मद्रासी जोडीदार त्यांना माटुंग्याला त्यांच्या भजनाला घेऊन गेला. तिथं एक नवल घडलं. मृदंग तिकडचा, टोप्या नाहीत, कपाळाला गोपीचंदनाऐवजी भस्म, आणि ही मंडळी चक्क मराठी अभंग म्हणू लागली! उच्चार तमिळ वळणाचा, पण शब्द आपल्या तुकोबांचे, नामदेवरायांचे. बाबांना वाटलं आपल्यासाठी म्हणतायत. जोडीदार म्हणाला, नाही, आमच्याकडे असंच चालतं.

आणि ते खरं आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरला गेले, तेव्हापासून 1855 पर्यंत तिथं भोसल्यांची गादी होती. त्या काळात समर्थांचे मठ तिकडे झाले, मराठी कीर्तनकार गेले. तिथल्या हरिकथेनं आपल्या कीर्तनाचं वळण घेतलं. साकी, ओवी, दिंडी, अभंग ही आपल्या छंदांची नावं तिथले भागवतार आजही घेतात. दक्षिणेतल्या भजनाच्या पद्धतीत अभंगाला मानाची जागा आहे. आता देवाणघेवाण म्हटली की दोन्ही बाजू आल्या. कर्नाटक संगीताचे पितामह ज्यांना म्हणतात, त्या पुरंदरदासांनी आपल्या प्रत्येक पदाची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी ठेवली. आपल्या संतांनी विठोबाला कानडा म्हटलं ते उगाच नाही. तेव्हा “वारकऱ्यानं मद्राशी गाणं कशाला ऐकायचं” असं कोणी म्हटलं, की बाबा विचारायचे, “विठोबा कुठला रे?” आणि पुढं बोलायचे नाहीत.

आता बाबांचं ऐकणं कसं होतं ते सांगतो. रागाचं नाव त्यांना येत नव्हतं, येण्याची हौसही नव्हती. षण्मुखानंद सभागृहात अम्मांचं गाणं असलं की स्वस्तातलं तिकीट मिळालं तर आत, नाहीतर फाटकाशी. त्यांचं लक्ष दोनच गोष्टींवर असायचं. एक, शब्द. सुब्बुलक्ष्मींची मातृभाषा तमिळ. पण त्यांनी तेलुगू, कन्नड, संस्कृत, हिंदी, अशा कितीतरी भाषांत गायलं आणि प्रत्येक भाषा जाणकारांपुढं बसून, अर्थ विचारून, उच्चार घोटून घेतली. 1963 साली सुप्रभातम् ची तबकडी निघाली. त्यात सुप्रभाताचे 29 श्लोक, स्तोत्राचे 11, प्रपत्तीचे 16 आणि मंगलाचे 14. सत्तर श्लोक, सोबत लेक राधा यांचा आवाज, आणि एक जोडाक्षर पुसट नाही. बाबा आम्हाला काकड्यात मध्येच थांबवायचे. “अक्षर खाल्लंस. ती परक्या भाषेतलं खात नाही, तू तुझ्या आईच्या भाषेतलं खातोस?” तेव्हा आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे. राग यायचा. पण आज या दिंडीतल्या टाळकऱ्यांचं ‘ण’ आणि ‘न’ वेगळं ऐकू येतं, ते त्या बोलण्यांचं फळ आहे.

दुसरी गोष्ट, पैसा. सुब्बुलक्ष्मींनी 1944 साली कस्तुरबांच्या स्मारकनिधीसाठी गाऊन पैसा उभा केला, आणि पुढं आयुष्यभर दवाखाने, शाळा, देवळं यांच्यासाठी गात राहिल्या. सुप्रभातम् च्या तबकडीचं उत्पन्न त्यांनी तिरुपती देवस्थानच्या वेदपाठशाळेला लावून दिलं. एवढं देऊन पुढं उतारवयात त्यांच्याच घरी ओढगस्त आली. तेव्हा देवस्थानानं त्यांच्याकडून अन्नमाचार्यांची पदं वगैरे गाऊन घेऊन पाच तबकड्यांची मालिका काढली. साठी ओलांडल्यावर ती नवी पदं त्यांनी शाळकरी पोरीसारखी पाठ केली. बाबा हे सांगायचे कधी, तर बिदागीची घासाघीस करून कोणी कीर्तनकार गेला की त्या रात्री. आम्ही यावर जास्त बोलत नाही. हल्लीचे आकडे आपल्याला ठाऊक आहेत.

आता तटाची गोष्ट. गिरणीचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, तो काही मिटला नाही. बाबा वळकटी घेऊन गावी आले आणि कायमचे वीणेला लागले. येताना एक टेपरेकॉर्डर आणि अम्मांच्या सात-आठ कॅसेटी आणल्या. वारीत दुपारच्या विसाव्याला झाडाखाली बसून ते हळू आवाजात ऐकायचे. त्यावरून कुजबुज सुरू झाली, आणि एकदा लोणंदच्या मुक्कामी एका शहाण्यानं सगळ्यांसमोर काढलं, “बाबा, ही बाई कोणत्या घरातली ते ठाऊक आहे का? देवदासींच्या.”

पंगत बसलेली होती. वाढपी होते तिथं थांबले. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, “ठाऊक आहे. तू पंढरीत राउळात जातोस तेव्हा कान्होपात्रेच्या झाडाला हात लावतोस ना? मंगळवेढ्याची ती कोणत्या घरातली होती? तिला पांडुरंगानं कुठं जागा दिली?” एवढं बोलून जेवायला लागले. त्या पंगतीत आम्ही भाकरी वाढत होतो. त्यानंतर तो विषय दिंडीत निघाला नाही.

पण खरा वाद पुढच्याच एका वर्षी झाला, आणि तो उलटा झाला. गाडीवर कर्णा आला, बॅटरी आली. तरुण मंडळी म्हणाली, पहाटे तीनला उठून काकड्याला पंधरा माणसं जमवायची, त्यातली पाच पेंगणार. त्यापेक्षा बाबांच्या कॅसेटीतलं सुप्रभातम् लावू. आवाज गोड, देव जागा होतो, लोक जागे होतात, आणि बाबाही खूश. सगळ्यांनी मान डोलावली. बाबांनी मात्र साफ नाही म्हटलं.

मंडळी चक्रावली. ज्यांच्यासाठी पंगतीत भांडलात, त्यांचाच आवाज नको? बाबा म्हणाले, “ती तिकडं स्वतः उठून, शिकून गायली. ती गायली म्हणून मी झोपून राहू? कॅसेट संपली की खटका पडतो. मग देवाला उठवलं कोणी, मशिनीनं?” तरुणांचंही अगदीच चूक नव्हतं, हे आम्ही आज सांगतो. दिवसाची वीस-वीस किलोमीटरची चाल, पाऊस, चिखल, आणि तीनला उठायचं. दोन दिवस दोन तट. नातेपुत्याला चोपदारांनी निवाडा केला. काकडा तोंडानंच होणार. कॅसेट विसाव्याला, ज्याला ऐकायची त्यानं बाबांशेजारी बसून ऐकावी.

त्या निवाड्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. काकड्याला पुरुष कमी पडत, म्हणून बाबांनी बायकांना चाल धरायला पुढं बोलावलं. तोवर बाया मागं तुळस घेऊन, म्हणायच्या तर मागनं. जनाबाईंचे, मुक्ताबाईंचे अभंग आपण म्हणतो, पण बाईनं पुढं उभं राहून चाल सांगायची म्हटलं की कपाळाला आठी. बाबांनी दाखले दिले. तिरुमलेला धनुर्मासात देवाला सुप्रभातानं नाही, तर आंडाळ नावाच्या संत स्त्रीच्या तिरुप्पावैनं जागवतात. मद्रासच्या मोठ्या संगीत सभेनं संगीत कलानिधी हा मान 1968 साली सुब्बुलक्ष्मींना दिला, तोवर तो कोणा बाईला मिळाला नव्हता. “त्यांना चाळीस वर्षं लागली, आपल्याला किती लावायची?” असा बाबांचा हिशोब. पहिल्या पहाटे ज्यांनी चाल धरली, त्या काकू आज ऐंशीच्या पुढं आहेत आणि त्या तिथं, खांबाजवळ बसल्या आहेत. त्यांना विचारा, आवाज किती कापत होता.

पती सदाशिवम् 1997 साली वारले, तेव्हापासून सुब्बुलक्ष्मींनी जाहीर गाणं थांबवलं. पुढच्या वर्षी भारतरत्न मिळालं. पेपरातलं ते कात्रण बाबांनी भजनाच्या वहीत घातलं. 11 डिसेंबर 2004 ला त्या गेल्या. बातमी आम्हीच बाबांना सांगायला गेलो. त्यांनी विचारलं, “किती वय?” अठ्ठ्याऐंशी म्हटलं. बरं म्हणाले. संध्याकाळी हरिपाठ रोजच्यासारखाच झाला, त्यांचं एकही अक्षर चुकलं नाही. आम्हाला वाटलं होतं बाबा खचतील. दुसऱ्या दिवशी ते कॅसेटी घेऊन आले आणि आमच्या हातात दिल्या. म्हणाले, “ऐकून झाल्या.” बाबा कधी त्यांना भेटले नव्हते, पत्र लिहिलं नव्हतं. मंचावरच्या त्या लांबच्या ठिपक्याएवढ्या मूर्तीशिवाय त्यांनी अम्मांना पाहिलंही नव्हतं.

त्यातल्या दोन कॅसेटी अजून वाजतात. बाकीच्यांची फीत ओढली जाते.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की तो वाद मिटलेला नाही. आता कॅसेट नाही, पेनड्राईव्ह आहे. आपल्या पंचक्रोशीत कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी काकडा चालायचा. आज कितीतरी देवळांत पुजारी बटण दाबतो आणि पुन्हा जाऊन निजतो. आवाज अम्मांचाच असतो, किंवा आपल्यातल्या एखाद्या मोठ्या गवयाचा. ऐकू नका असं आम्ही म्हणणार नाही, बाबांच्या तालमीतला माणूस ते म्हणूच शकत नाही. पण काकड्याच्या जुन्या चाली येणारी माणसं आपल्या दिंडीत आता सात उरली आहेत. त्यातली चार सत्तरीच्या पुढची. काही चाली अशा आहेत की त्या एकट्या त्या काकूंनाच येतात.

म्हणून फडानं ठरवलं आहे, की शताब्दीच्या निधीतून यंदा मंडपाच्या कमानीऐवजी काकड्याची शिकवणी धरायची. दर एकादशीला संध्याकाळी, हरिपाठ झाल्यावर, याच देवळात. मुलगे, मुली, सुना, सगळ्यांनी यावं, वयाची अट नाही. फी नाही. वही आणा. शिकवायला काकू आहेत, पखवाजाला आमचे धाकटे बंधू आहेत. उद्या पहाटे चारला काकडा आहे. भोंगा लावणार नाही, तेव्हा ज्यांना यायचं त्यांनी आपल्या आपण उठावं.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!