तुळईचे मोल



‘पाप आणि देवाशी समेट’ असा विषय दिला की वक्ता आदाम-हव्वेपासून सुरुवात करणार, हे तुम्ही धरूनच आला असाल. ख्रिस्ती धर्माने त्या गोष्टीतून मूळ पापाचा सिद्धांत उभा केला : पहिल्या माणसाचा डाग सगळ्यांना जन्मतः लागतो आणि तो धुवायला देवालाच खाली यावे लागते. पण ही गोष्ट आधी ज्यांची, त्या यहुद्यांनी तीच वाचून असा वारसा मानला नाही. वाईटाची ओढ प्रत्येकात असते. पाप मात्र ज्याचे त्याने करायचे आणि ज्याचे त्याने निस्तरायचे. आज मी बोलणार आहे ते या निस्तरण्याविषयी.

यहुद्यांच्या तिश्री महिन्याची दहावी तारीख म्हणजे योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस. आपल्या कोकणात हा दिवस शतकानुशतके पाळला गेला. अलिबाग-पेण भागात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवार तेली, त्याला दारफळणीचा सण म्हणत. दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, अन्नपाणी वर्ज्य. दुसरा दिवस शिळ्या सणाचा; त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी. हिब्रू प्रार्थना जवळजवळ विसरल्या गेल्या होत्या, पोथ्या हाताशी नव्हत्या, तरी उपास टिकला. १७९६ साली याच समाजाने मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, त्याचे नाव ‘दयेचे द्वार’ अशा अर्थाचे आहे.

जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर हा दिवस मुख्य याजकाचा होता. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात सगळा विधी आहे. दोन बकरे, त्यांच्यावर चिठ्ठ्या. एक देवासाठी, दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवून त्याला रानात पाठवायचे. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले. वेदी गेली, बकरा गेला. मग पाप कुठे ठेवायचे?

याचे उत्तर साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात आहे, आणि मला ते फार धीट वाटते. माणूस आणि देव यांच्यातली पापे हा दिवस फेडतो. माणसामाणसांतली पापे मात्र, ज्याचे वाईट केले त्याची समजूत काढल्याशिवाय, हा दिवस फेडत नाही. म्हणजे शेजाऱ्याची बांधावरची चार हात जमीन दाबून बसायचे आणि दिवसभर उपाशी राहून देवाला साकडे घालायचे, हे चालणार नाही. जे शेजाऱ्याचे आहे ते माफ करणे देवाच्या अखत्यारीतच नाही! ‘आता पाप करतो, योम किप्पुर धुऊन काढील’ असा हिशेब मांडणाऱ्याला तो दिवस काही देत नाही, हेही तिथेच सांगून ठेवले आहे. कुंभमेळ्याची गाडी पकडणाऱ्या आपल्यातल्या काहींनी हे ऐकून ठेवायला हरकत नाही.

त्या दिवशी दुपारी बायबलातले योना संदेष्ट्याचे पुस्तक वाचतात. माशाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. निनवे शहराची कमी. नाश होणार हे योनाकडून कळताच राजा-प्रजा गोणपाट नेसून उपास करतात आणि शहर वाचते. पण रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांनी, नेमके बोट ठेवले : देवाने त्यांचे गोणपाट पाहिले असे लिहिलेले नाही, त्यांची कृती पाहिली असे लिहिले आहे. मिश्नावरचे भाष्य असलेले तालमूद तर म्हणते, चोरलेली तुळई कुणी वाड्यात बसवली असेल, तर निनवेच्या लोकांनी वाडा पाडून ती परत केली.

आता खरी अडचण. वाडा पाडावा लागणार असेल तर चोर कबूल कशाला करील? म्हणून मिश्नाने दुसरा कायदा केला. तुळई बांधकामात गेली असेल, तर तिचे मोल द्यावे, वाडा पाडू नये. कारण पश्चात्ताप करणाऱ्याची वाट बंद होता कामा नये. निनवेचा आदर्श स्तुतीला ठेवला आणि व्यवहाराला मोल ठरवले. ज्याची तुळई गेली त्याला पैसे मिळाले, तरी त्याचे लाकूड चोराच्या छपरालाच राहिले. हा न्याय पुरता नाही, हे रब्बींना कळत नव्हते असे मला वाटत नाही. अपुरा न्याय त्यांनी जाणून पत्करला.

बाराव्या शतकात यहुदी धर्मपंडित मैमोनिदेसने हे सगळे नियमात बांधले. नुसते पैसे देऊन भागत नाही, क्षमाही मागायची. समोरचा ऐकत नसेल तर तीन-तीन माणसे घेऊन तीनदा जायचे. तरीही तो वळला नाही, तर आता पापी तो! गुरूचा अपराध असेल तर हजारदा जावे लागले तरी जायचे. आणि ज्याचे वाईट केले तो मेला असेल, तर दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचे आणि सर्वांसमोर अपराध नाव घेऊन सांगायचा. पैसे देणे असतील तर ते वारसांना द्यायचे. वारस ठाऊक नसतील, तर रक्कम न्यायसभेत जमा करायची आणि कबुलीही तिथेच द्यायची.