मोटारीचा श्वास

मोटार पेट्रोलवर चालते, असें सर्रास म्हटलें जातें. पण पेट्रोलपेक्षां ती हवाच अधिक खाते, असें म्हटल्यास तें वावगें ठरणार नाहीं. कारण एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. ही हवा प्रत्येक सिलिंडरला वांटून देणारा नळ्यांचा जो जुडगा इंजिनाच्या कुशीला बसविलेला असतो, त्यालाच इन्टेक मॅनिफोल्ड म्हणतात. पूर्वीं तो ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असे. अलीकडील पुष्कळ गाड्यांत तो प्लॅस्टिकचा असतो. त्याच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं, आणि म्हणूनच त्याचा दोष बहुधा दुसऱ्याच्या माथीं मारला जातो.

दट्ट्या खालीं सरकला कीं सिलिंडर हवा ओढूं लागतो. पण चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो तेव्हां वाटेवरील थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. ओढ मोठी आणि वाट अरुंद, अशा स्थितींत मॅनिफोल्डांतील हवा विरळ होते. पेट्रोलचें निरोगी इंजिन जागेवर संथ चालू असतां ही ओढ समुद्रसपाटीला पाऱ्याच्या सुमारें १७ ते २२ इंचांइतकी भरते. उंची वाढेल तशी ती दर हजार फुटांस साधारण एका इंचानें घटते. मुंबईस २० इंच दाखविणारा कांटा सुमारें ४,५०० फूट उंचीवरील महाबळेश्वरास १५-१६ वर उतरला, तर तो इंजिनाचा दोष नव्हे, हवामानाचा नियम होय.

खरा दोष उद्भवतो तो गॅस्केट कुजल्यानें किंवा रबरी नळी भेगाळल्यानें. त्या फटींतून चोरवाटेनें हवा आंत शिरते. कार्ब्युरेटरच्या गाडींत तिनें मिश्रण पातळ होतें. आधुनिक गाडींत हवा आंत येतांनाच मोजली जात असेल, तर ही हवा मोजणींतून निसटते व परिणाम तोच होतो. मॅनिफोल्डांतील दाबावरून अंदाज बांधला जात असेल, तर संगणक अधिक पेट्रोल सोडतो आणि इंजिन उगाच जोरानें फिरूं लागतें. जागेवर चालू असतां इंजिन थरथरतें, वेग वाढवितांच सुरळीत होतें. कारण एरव्हीं लागणारी हवा थोडी, म्हणून चोरट्या हवेचा वांटा तेव्हांच मोठा.

अशा वेळीं तपासणीच्या यंत्रावर ‘पी ०१७१’ असा संकेत उमटूं शकतो. मिश्रण पातळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणता भाग बिघडला, हें तो सांगत नाहीं. तरीही कित्येकदां ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. खरी बातमी आणणाऱ्या निरोप्यालाच ही शिक्षा होय!

शोध स्वस्त उपायापासून सुरू करावा. प्रथम इंजिन बंद व थंड असतां प्रत्येक नळी वांकवून भेगा पाहाव्यात. मग इंजिन सुरू करून, फिरणाऱ्या पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर राहून, रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरावें व दुसरें सांध्यांवरून फिरवावें. गळतीपाशीं सूं-सूं असा आवाज येतो. विजेच्या जोडण्या टाळून संशयित सांध्यावर पाण्याचे चार थेंब सोडतांच इंजिनाचा सूर पालटला, तर जागा सांपडली. पेट्रोल किंवा तत्सम ज्वालाग्राही द्रव मात्र तापलेल्या इंजिनावर उडवूं नये; तेथें आगीचें भय असतें. एवढ्यानें न भागल्यास कारखान्यांत धूर सोडून परीक्षा करवून घ्यावी.

हा प्रश्न केवळ पेट्रोलच्या खर्चाचा नाहीं. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा सर्व्हो याच मॅनिफोल्डाच्या ओढीवर चालतो. त्याची नळी फाटली, तर पायपट्टी दगडासारखी घट्ट होते. याची परीक्षा घरच्या घरीं होते. सपाट जागीं, हातब्रेक लावून व गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून, इंजिन बंद असतां पट्टी घट्ट होईपर्यंत चार-पांच वेळां दाबावी. ती तशीच दाबून धरून इंजिन सुरू करावें. पट्टी किंचित् खालीं गेली तर सर्व्हो ठीक. न गेली तर गाडी रस्त्यावर नेऊं नये.

घाट उतरतांना पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करण्याची जी संवय कांहीं चालकांना असते, तिचा धोकाही यावरून उमगेल. इंजिन थांबलें कीं ओढ थांबते. सर्व्होंत सांठलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते, आणि घाटांतील वळणें तर त्याहून पुष्कळ असतात. डिझेलच्या गाडींत ही ओढ बहुधा वेगळा पंप पुरवितो; पण तोही सामान्यतः इंजिनावरच फिरतो, म्हणून नियम तोच. उतारावर इंजिन चालू ठेवावें, खालचा गिअर टाकावा, आणि ब्रेकला त्याचा श्वास मिळूं द्यावा.