सर्वांत मागची सायकल

सायकल हे तसं पाहिलं तर एकट्याचं वाहन. सीटवर एक, फार तर कॅरिअरवर दुसरा. पण दहा-बारा सायकली लांबच्या रस्त्याला एकत्र लागल्या, की या वाहनाचा स्वभाव बदलतो. आपण किती जोरात जातो याला मग फारशी किंमत राहत नाही. सर्वांत मागचा कुठं आहे, हे आधी पाहावं लागतं.

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला 1914 साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनी डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकलयात्रा काढली. सोबत 116 तरुण, त्यांत 16 मुली. काश्मीरपर्यंतचं अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर. इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतरच्या शीखविरोधी दंगली, या 1984 च्या जखमा ओल्याच होत्या. पंजाब धुमसत होता. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं पडायचं. ते सोबतच्या गाडीत आडवे पडून निघाले होते. पुढं 1988 मध्ये दुसरी यात्रा निघाली, इटानगरहून गुजरातेतल्या ओख्याला.

पहिल्या यात्रेच्या वेळी मी देवळीच्या शाळेत होतो. बातम्या वाचून सायकलीला झेंडी बांधण्यापलीकडं माझी मजल गेली नाही. ती पुढं मे 1993 मध्ये गेली. सोमनाथच्या श्रमछावणीला सायकलनं जायचं आम्ही अकरा जणांनी ठरवलं. पहिला मुक्काम आनंदवन. देवळीहून वर्धा, हिंगणघाट करत वरोऱ्यापर्यंत शंभरेक किलोमीटर. अयोध्येची घटना आणि मुंबईच्या दंगली होऊन मोजके महिने झाले होते. बी.ए. होऊन मी घरीच होतो. अम्मीनं ‘जाऊ नको’ म्हटलं नाही. भाकऱ्या बांधताना तिनं एवढंच विचारलं, ‘‘सोबत कोण कोण आहे?’’ मी दहा नावं सांगितली. ती तिनं पुन्हा एकदा म्हणवून घेतली.

पहाटे तीनला निघालो. वर अर्धा चंद्र होता. आमच्यासोबत एक निवृत्त क्रीडाशिक्षक होते, त्यांना सारे सर म्हणत. त्यांनी निघतानाच नियम घालून दिला : जो सर्वांत दमदार, तो सर्वांत मागे. पंप, सोल्युशन, टायर काढायच्या पट्ट्या, पाने, सारं त्याच्याच कॅरिअरला. पुढचा दमदार असला तर तो निघून जातो, मागचा दमदार असला तर कुणीही सुटत नाही. पुढं राहणाऱ्याची मात्र पाळी बदलायची, कारण समोरचा वारा तोच कापतो. त्याच्या मागून येणाऱ्याला पायडल हलकं लागतं. पंधरा मिनिटं एकानं वारा खायचा, मग बाजूला होऊन शेवटून दुसऱ्या जागी यायचं. शेवटची जागा सरांची.

नऊच्या सुमारास हिंगणघाट आलं आणि आम्ही थांबलो. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी सायकल चालवणं म्हणजे उन्हाशी कुस्ती, आणि ती ऊनच जिंकतं. दुपट्टे डोक्याला, खिशात कांदा, कडुनिंबाची सावली. दुपारी मी नमाज पढून आलो, तेव्हा माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांत कुणी तरी हवा भरून ठेवली होती. कुणी भरली, ते मी विचारलं नाही.

चारनंतर निघालो. एका शेतातल्या विहिरीवर पाण्यासाठी उतरलो. म्हातारा शेतकरी दोर ओढता ओढता एकेकाचं नाव विचारत होता. गाव, आडनाव, कुणाचा कोण, हे विचारल्याशिवाय आपल्याकडं पाणी पाजत नाहीत. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं. दोर क्षणभर थांबला. मग तो म्हणाला, ‘‘घरी सांगून निघाला ना, बाप्पा?’’ बाकी दहा जणांना हे त्यानं विचारलं नव्हतं. पाणी मात्र मला इतरांइतकंच मिळालं, ओंजळ भरभरून. तो प्रश्न संशयाचा होता की काळजीचा, यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. आज मला तो अम्मीच्याच प्रश्नाचा सख्खा भाऊ वाटतो. त्या वर्षी चांगल्या माणसांच्याही काळजीला नाव विचारावं लागत होतं, हे दुःख खरं.

वरोरा दहा-बारा किलोमीटरवर असताना अंधारात एकाची चेन तुटली. जोडायला कडी नव्हती. सरांनी दुपट्ट्याचं एक टोक आपल्या कॅरिअरला बांधलं, दुसरं त्याच्या हँडलला. चढावर दोघं उतरून चालायचे. मग आम्हीही उतरायचो. अकराच्या अकरा जण आनंदवनात शिरलो तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. बाबा तेव्हा तिथं नव्हते. 1990 पासून ते नर्मदाकाठी कसरावदला राहत होते. पण त्यांच्या यात्रेचा अर्थ मला त्या शेवटच्या पट्ट्यात थोडा कळला. माणसं जोडायची तर भाषण लागतं, गाणं लागतं. त्याहून आधी कुणासाठी तरी आपला वेग सोडावा लागतो.

आता देवळीवरून मोठा चौपदरी रस्ता गेला आहे. थंडीत गिअरच्या सायकली, हेल्मेट घातलेले गट दिसतात. चहाला थांबले की मी त्यांच्याशी बोलतो. किती तासांत किती किलोमीटर, ते मुलं आपणहून सांगतात. मी ऐकतो आणि विचारतो, ‘‘तुमच्यात सर्वांत मागे कोण असतं?’’