हवेचें नळकांडें आणि त्यावरील तारीख



माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत ज्यांनीं बालपणीं फुगे फोडले असतील, त्यांना छर्‍याची बंदूक नवी नाहीं. नळी मोडून आंतली स्प्रिंग दाबावयाची आणि चाप ओढतांच सुटलेल्या दट्ट्यानें हवा दाबून छर्रा फेंकावयाचा, एवढेंच तिचें तंत्र. दट्ट्यावरचें चामड्याचें वायसर सुकलें कीं हवा बगलेनें निसटते. मग तेलाचा थेंब द्यावा किंवा वायसर बदलावें, कीं बंदूक पुन्हां चालूं लागते. जुनी वस्तु टाकावयाची नसते, दुरुस्त करावयाची असते, हा आमच्या पिढीचा संस्कार अशाच वस्तूंनीं केला. तोच संस्कार घेऊन मी स्पर्धेच्या रायफलीकडे गेलों आणि फसलों.

२००८ सालीं बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनीं दहा मीटर एअर रायफलचें सुवर्णपदक मिळविलें. २०२२ सालीं ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरो येथें जगज्जेता झाला. अशीं उदाहरणें ऐकून माझ्या नातीनेंहि हट्ट धरला. या रायफलींत स्प्रिंग नसते. नळीखालीं एक नळकांडें, म्हणजे सिलिंडर, असतें. त्यांत सुमारें २०० बार दाबानें हवा भरलेली असते व प्रत्येक वेळीं तिचा मोजका अंश सुटतो. मोटारीच्या चाकांतला दाब सव्वादोन बारांच्या आसपास असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हातांत काय आहे तें समजेल.

नवें नळकांडें महाग, म्हणून मीं एका गृहस्थाकडून जुनें अर्ध्या किंमतींत घेतलें. स्पर्धेपूर्वीच्या तपासणींत पंचांनीं त्यावरचा ठसा पाहिला. मुदत टळून दोन वर्षें झालीं होतीं. रायफल बाजूला ठेवण्यांत आली. नात रडली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "आजोबा, तुम्ही तारीख वाचली नव्हती का?" वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घाला, असें जन्मभर मुलांना बजावणार्‍या मास्तराला यापेक्षां मोठी शिक्षा कोणती?

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें नळकांड्याची मुदत पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. हा नियम विनाकारण नाहीं. पुनःपुन्हां भरल्यानें व रिकामें झाल्यानें धातु थकतो. आंत शिरलेला ओलावा त्याला कुरतडतो. आणि यांतलें कांहींच बाहेरून दिसत नाहीं.

तेव्हां निवड करतांना प्रथम ठसा वाचावा; तो खरवडलेला असेल तर वस्तु फुकटहि घेऊं नये. निरनिराळ्या निर्मात्यांचे आटे व लांबी सारखी नसते. म्हणून आपल्या रायफलीसाठीं निर्मात्यानें सांगितलेलेंच नळकांडें घ्यावें. पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या वजनांत फरक असल्यामुळें रायफलीचा तोल बदलतो, हेंहि पाहावें.

निगा सोपी आहे. कोरडी, गाळलेली हवाच भरावी. प्राणवायु कधींहि भरूं नये. भरणें सावकाश असावें, कारण घाईनें भरलेली हवा तापते. आटे हातानेंच फिरवावे, पक्कड लावूं नये. रबरी कड्याला सिलिकोनचें किंचित् वंगण पुरे. घरांतलें तेल लावूं नये, मोठ्या दाबाखालीं तें पेट घेऊं शकतें. नळकांडें अगदीं रिकामें ठेवूं नये; थोडा दाब राहिला म्हणजे दमट हवा आंत शिरत नाहीं. रात्रीं दाबमापकाचा आंकडा टिपून सकाळीं पुन्हां पाहावा. गळती असेल तर तीहि कळेल.

आमच्या नांदेड-लातूरच्या उन्हाळ्याचा विसर पडूं नये. २७ अंशांवर २०० बार भरलेलें नळकांडें बंद मोटारींत ६० अंशांपर्यंत तापलें, तर दाब सुमारें २२२ बार होतो. शाळेंत शिकविलेला वायूचा नियम सुटीच्या दिवशींहि चालूच असतो!

त्या जुन्या नळकांड्याचें काय केलें, असें आपण विचाराल. तें विकून पैसे परत मिळाले असते, परंतु मग दुसर्‍या कोणाच्या नातवाच्या गालाशीं तें टेकलें असतें. मीं त्यांतली हवा पूर्ण सोडविली आणि जाणत्याकडून तें कापून निरुपयोगी करविलें. काटकसर हा सद्गुण खराच. पण जेथें दाब २०० बारांचा आणि गाल लेंकराचा, तेथें तारीख उलटलेली वस्तु टाकून देणें हीच खरी काटकसर होय.