पाळ आणि तुडुम



अर्जुनी मोरगावात आलेल्या बाहेरगावच्या मंडळींनी परतताना नवेगावबांधचा तलाव जरूर पाहावा. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. पाहुणा पाळ पाहून थक्क होतो. शेतकऱ्याचे लक्ष मात्र पाणी सोडायच्या मोरीकडे असते. आम्ही तिला तुडुम म्हणतो. पाळ कितीही भक्कम असो, तुडुम वेळेवर उघडला नाही तर खालची धानाची बांधी सुकते.

मला यावरून आनंद देशपांडे आठवतात. ते आज व्यासपीठावर नाहीत, तरी त्यांच्याविषयी बोलायचे आहे. खरगपूरची आयआयटी, 1989 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी., मग पालो अल्टोला ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत नोकरी. एवढे जमल्यावर कोण परत येतो? ते आले आणि 1990 मध्ये, म्हणजे उदारीकरणाच्याही आधी, पुण्यात ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’ काढली. संगणकवाल्यांच्या बोलीत पर्सिस्टंट म्हणजे प्रोग्रॅम बंद पडला तरी टिकून राहणारा डेटा. कंपनीही टिकली. 2010 मध्ये शेअर बाजारात आली. नागपुरातही तिचे कार्यालय आहे. पुढे मुख्य कार्यकारी पद त्यांनी दुसऱ्यांच्या हाती सोपवले.

ही झाली पाळ. मला खरा रस आहे तो त्यांच्या दुसऱ्या डावात, म्हणजे तुडुमात. पत्नी सोनाली यांच्यासोबत त्यांनी संस्था काढली, ‘देआसरा’. आपल्याकडे शाळेला पंखा दिला तरी पात्यावर दात्याचे नाव रंगवतात. मीही दोन दिलेत, नावासकट! देआसराचे काम असे डोळ्यांत भरणारे नाही. पोळी-भाजी केंद्र किंवा शिलाईचे दुकान चालवणाऱ्याला परवाना, हिशेब, कर्जाची कागदपत्रे यांत हात द्यायचा, म्हणजे त्याचा धंदा उभा राहतो आणि शेजारच्या एखाद्याला कामही मिळते. सॉफ्टवेअर कंपनी किती जणांना सामावून घेणार? आपली हुशार पोरे बल्लारशा-गोंदिया गाडी पकडून निघून जातात, जावोत बापडी. इथे राहिलेल्यांचे काय, हे विचारणारा उद्योजक मला जास्त जवळचा वाटतो.

आपला गिरणीवाला, सायकल दुरुस्तीवाला ‘कागद अपुरे’ ऐकून बँकेच्या दारातून परततो, हे मी कितीदा पाहिले आहे. म्हणून जेवणानंतर मंडपाच्या डावीकडे चार टेबले मांडली आहेत. तिथे सीए आणि बँकेची माणसे बसतील. ज्यांचा दुकानाचा गुमास्ता परवाना घरी राहिला असेल, त्यांनी आत्ताच पोराला पिटाळा. पंगत उठेपर्यंत तो घेऊन येईल.