मार्माड्यूक पिक्थॉल : एका प्रचारकाचे जीवनकार्य
(काळेवाडी येथील वार्षिक समारंभातील भाषण)



प्रचारक म्हटला की आपल्यापुढे व्यासपीठ आणि बुलंद आवाज उभा राहतो. मरहूम पिक्थॉल साहेबांचे मोठे काम मात्र वर्तमानपत्राच्या कचेरीत, शाळेत आणि लिहिण्याच्या टेबलाशी झाले. त्यांतली बरीच वर्षे आपल्या मुंबईत व हैदराबादेत गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१८७५ साली लंडनमध्ये ते एका पाद्र्याच्या घरी जन्मले. विशीच्या आतच सिरिया-पॅलेस्टाइनकडे गेले, अरबी शिकले. दमास्कसच्या उमय्यद मशिदीतील वृद्ध शेखांकडे त्यांनी इस्लाम स्वीकारण्याची इच्छा व्यक्त केली. शेख म्हणाले, घाई करू नकोस, घरी तुझी आई आहे, तिचा विचार कर. हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. हाती आलेला तरुण त्यांनी परत पाठविला! पुढे वीसेक वर्षांनी, नोव्हेंबर १९१७ मध्ये, लंडनच्या एका सभेत पिक्थॉल यांनी इस्लामचा जाहीर स्वीकार केला. तोवर ते नावाजलेले कादंबरीकार होते. १९१९ साली लंडन व वोकिंग येथे त्यांनी इमामत केली, खुतबे दिले.

१९२० मध्ये गिरणीमालक उमर सोभानी यांच्या बोलावण्यावरून ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक झाले. आधीचे संपादक हॉर्निमन यांना सरकारने १९१९ मध्ये हद्दपार केले होते. अशा खुर्चीवर एक इंग्रज येऊन बसतो आणि खिलाफत व असहकाराची बाजू मांडतो, हे राज्यकर्त्यांना कसे रुचावे? १९२४ मध्ये त्यांनी ते पत्र सोडले.

नंतर हैदराबाद. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तेथे ते चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले आणि ‘इस्लामिक कल्चर’ या त्रैमासिकाचे संपादनही त्यांनी केले. मद्रासच्या व्याख्यानमालेत त्यांनी स्त्रियांच्या प्रश्नावर स्पष्टपणे सांगितले, की हिंदुस्थानातील मुसलमान स्त्रियांना ज्या कोंडलेल्या स्थितीत ठेवले जाते तिला इस्लामचा आधार नाही. सातवीनंतर मुलीचे दप्तर खुंटीला टांगणारी घरे आपल्याही वस्तीत आहेत. त्या पालकांनी हे व्याख्यान मिळवून वाचावे, एवढी माझी विनंती. वाचता येत नसेल तर त्याच मुलीकडून वाचून घ्यावे.

कुरआनच्या भाषांतरासाठी निजाम सरकारने त्यांना रजा दिली. कैरोला जाऊन त्यांनी आपला मजकूर जाणकारांपुढे ठेवला. तेथील काही उलेमांचा तर भाषांतर या कल्पनेलाच विरोध होता. कुरआनचे खरे भाषांतर होऊच शकत नाही, हे पिक्थॉल यांनाही मान्य होते. म्हणूनच १९३० साली निघालेल्या ग्रंथाच्या नावात त्यांनी ‘अर्थ’ हा शब्द घातला. आपली मुले अरबी अक्षरे ओळखतात, तिलावत करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अर्थ विचारला की गप्प होतात. यात दोष मुलांचा नाही. त्यांना अर्थ सांगायला घरात कोणी बसतच नाही!

१९३५ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी गेले आणि १९ मे १९३६ रोजी कॉर्नवॉलमध्ये वारले. वोकिंगजवळच्या ब्रुकवुड कबरस्तानात त्यांना दफन केले. कुरआनचे दुसरे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरकार अब्दुल्ला यूसुफ अली, मुंबईच्या विल्सन कॉलेजचे विद्यार्थी, १९५३ साली वारले. त्यांची कबरही त्याच कबरस्तानात आहे.